बाई, मी नाही मरणार!



आमच्या उत्तनच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. चौथीच्या मुलांनी महाभारतातला कर्णाचा प्रवेश बसवायचा ठरवला. दोन बाकं जोडून रथ केला. मोडक्या सायकलचं चाक आणलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे चाक रुतवायला वाळूही मिळाली. कर्णाचं काम करणारा मुलगा अंगाने दांडगा, आवाज खणखणीत, पाठांतर चोख. सगळं कसं छान चाललं होतं.

पण शेवटच्या प्रसंगाला घोडं अडलं! अर्जुनाने बाण सोडला, तरी आमचा कर्ण खांबासारखा उभाच.

"अरे, पड ना खाली!" अर्जुन ओरडला.

"बाई, मी नाही मरणार!" कर्ण म्हणाला. "कर्ण एवढा शूर, एवढा दानशूर. मग तोच का मरतो? आपण शेवट बदलू या ना!"

झालं! वर्गात दोन तट पडले. निम्मी मुलं म्हणाली, बदलायचा. निम्मी म्हणाली, छे, महाभारत कसं बदलणार? मी तालीम थांबवली आणि सगळ्यांना गोल करून बसवलं. त्या दिवशी आम्ही जे बोललो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

शोकांतिका कशाला म्हणायचं?

ज्या गोष्टीचा अंत शोकात होतो, ती शोकांतिका. शब्द सोपा आहे. हल्ली वर्तमानपत्रात कुठलाही अपघात झाला की त्यालाही शोकांतिका म्हणतात. पण जरा विचार करा. आमच्या उत्तनच्या मुलांना समुद्र काही नवा नाही. अचानक वादळ आलं आणि एखादी बोट बुडाली, तर अख्खं गाव रडतं. ते दुःख फार मोठं असतं. पण त्यात बोटीवरच्या माणसांची काय चूक? ती दुर्घटना.

नाटकातली शोकांतिका थोडी वेगळी असते. सुमारे 2300 वर्षांपूर्वी ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा थोर विचारवंत होऊन गेला. तिकडे डोंगराच्या उतारावर, उघड्या आकाशाखाली, दिवसाउजेडी नाटकं व्हायची आणि हजारो लोक ती बघायला जमायचे. ॲरिस्टॉटलने म्हटलं, की शोकांतिकेचा नायक अगदी देवमाणूस नसतो आणि अगदी दुष्टही नसतो. तो मोठा असतो, पण आपल्यासारखाच चुकतो. त्याच्या हातून एखादी मोठी चूक होते आणि त्याचं सारं वैभव कोसळतं. ते बघून आपल्याला त्याची कणव येते आणि मनात भीतीही वाटते, की अरे, हे माझंही होऊ शकेल!

कर्णाची चूक कोणती?

मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात 'नशिबाने केलं' आणि दुसऱ्यात 'कर्णाने केलं'. मुलं भराभर सांगू लागली.

जन्मताच आईने नदीत सोडलं – नशीब. सूतपुत्र म्हणून सगळ्यांनी हिणवलं – तेही नशीब. परशुरामांकडे खोटं बोलून विद्या शिकला – हे कर्णाने केलं. भर सभेत द्रौपदीला वाईट बोलला – हेही त्यानेच केलं. इथे आमचा कर्ण जरा गप्प झाला!

मग एक मुलगी म्हणाली, "बाई, कवचकुंडलं दिली ती कुठल्या रकान्यात लिहायची?"

काय बिनतोड प्रश्न! इंद्र कपटाने मागायला येणार आहे, हे सूर्याने कर्णाला आधीच सांगितलं होतं. तरी कर्णाने दिली. कारण मागायला आलेल्याला 'नाही' म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. दुर्योधनाचंही तसंच. भर मैदानात सगळे हसत होते, तेव्हा दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केलं. युद्धाआधी श्रीकृष्णाने सांगितलं, तू पांडवांचा थोरला भाऊ आहेस, इकडे ये, राज्य तुझंच. पांडवांना टाकून बोललो याचा पश्चात्ताप तेव्हा कर्णाने बोलून दाखवला. कौरव हरणार हेही त्याला दिसत होतं. तरी त्याने मित्र सोडला नाही.

बघा मुलांनो, ज्या गुणांमुळे कर्ण आपल्याला आवडतो, त्याच गुणांनी त्याचा घात केला. दातृत्वाने कवच नेलं. मैत्रीने अन्यायाच्या बाजूला उभं केलं. युद्धाच्या सतराव्या दिवशी चाक रुतल्यावर त्याने धर्माची आठवण करून दिली, तेव्हा कृष्णाने त्याला द्रौपदीची आणि अभिमन्यूची आठवण करून दिली. शेवट बदलायचा तर कर्णाला मित्र सोडायला लावावं लागेल. मग तो वाचेल, पण कर्ण राहील का?

मराठी रंगभूमीवर

आपल्या जुन्या संस्कृत नाटकांचा शेवट बहुधा गोड असे. भासासारख्या एखाद्या नाटककाराने मात्र 'ऊरुभंग' या नाटकात चक्क दुर्योधनाचा मृत्यू दाखवला. मराठीत राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर हुशार वकील, पण तापट आणि मानी. अपमानाच्या रागात तो दारूचा पहिला प्याला घेतो आणि सगळा संसार उद्ध्वस्त होतो.

1970 साली आलं वि. वा. शिरवाडकरांचं, म्हणजे कवी कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट'. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची त्यामागे प्रेरणा होती. त्यातल्या गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी अशी केली, की लोक अजून सांगतात. हा थोर नट निवृत्त होतो आणि होतं नव्हतं ते मुलाला नि मुलीला देऊन टाकतो. मग दोघांच्याही घरी त्याचा अपमान होतो. शेवटी बूटपॉलिश करणारा एक पोरगा त्याला आसरा देतो. गणपतरावांनी काय दिलं? आपलं कवचच दिलं की! आणि तेही कुणी कपटाने मागितलेलं नव्हतं.

हे सांगून संपलं आणि घंटा झाली. मघाचीच मुलगी मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, "बाई, आमच्या आजोबांनी पण बोट पप्पांच्या नि काकांच्या नावावर केली. आता ते दिवसभर ओट्यावर जाळी दुरुस्त करत बसतात. पूर्वी सगळे त्यांना विचारायचे, आज वारा कसा आहे. आता मोबाईलवर बघतात. आजोबांची पण शोकांतिका झाली का?"

क्षणभर मला काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "नाही गं. नाटकात पडदा पडला, की पुढे काहीच करता येत नाही. तुमच्या घरात पडदा पडलेला नाही. आज घरी गेल्यावर तूच विचार की, आजोबा, वारा कुठला आहे?"

पालकहो, हा प्रश्न तिने मला विचारला, पण मला वाटतं तो तुमच्याआमच्यासाठीच होता. रंगमंचावरचा गणपतराव बघून आपण डोळे पुसतो. घरी आल्यावर ओट्यावरचे आजोबा आपल्याला दिसतात का?

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "बाई, आजोबांना सगळ्या वाऱ्यांची नावं येतात! तासभर सांगत होते."

आणि आमचं नाटक? संमेलनाच्या दिवशी कर्ण पडला. अगदी सावकाश, चाकाला धरून पडला. टाळ्या वाजायला थोडा वेळच लागला. पडद्यामागे गेले, तर अर्जुन धनुष्य टाकून कोपऱ्यात बसलेला.

"काय रे? तू तर जिंकलास ना?"

"बाई," तो म्हणाला, "तो माझा दादा होता ना? मला कुणी सांगितलंच नाही."

त्याला मी काय सांगणार? कर्ण तेवढ्यात कपडे झटकत उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.