भरतीची वीज कोणाला परवडते?

सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवर भरती-ओहोटीपासून वीज काढायचं ठरलं, तेव्हा प्रकल्पाची क्षमता होती अवघी ३.७५ मेगावॅट आणि खर्चाचा अंदाज गेला २३८ कोटी रुपयांवर. म्हणजे मेगावॅटमागे साडेत्रेसष्ट कोटी. सौरऊर्जेचा मेगावॅट आज चार-पाच कोटींत उभा राहतो. कच्छच्या आखातातली ५० मेगावॅटची योजना त्या मानाने स्वस्त, ७५० कोटींची. पण तीही महाग पडते म्हणून गुंडाळली गेली. देशात भरतीपासून १२,४५५ मेगावॅट मिळू शकतील असा अंदाज आहे, त्यातला मोठा वाटा खंभातच्या आखाताचा. तो अजून कागदावरच आहे.

तरीही ही वीज मुळातच आतबट्ट्याची, हे मला पटत नाही. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली सुरू झालेलं केंद्र आजही चालतं. ७५० मीटरचा बांध, त्यात प्रत्येकी १० मेगावॅटची २४ टर्बाइनं, वर्षाला सुमारे ५० कोटी युनिट वीज. २४० मेगावॅटची यंत्रं वर्षभर अखंड चालली असती, तर याच्या चौपट वीज मिळाली असती. पण बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात पुरेसा फरक पडेपर्यंत थांबावंच लागतं, आणि भांगाच्या दिवसांत तो फरकही कमी होतो. भरती-ओहोटीतलं अंतर निम्मं झालं की मिळणारी ऊर्जा चौथाईवर येते. रान्सच्या मुखाशी हे अंतर सरासरी ८ मीटर. मुंबईत ते उधाणालाही फारसं पाच मीटरच्या पुढे जात नाही, म्हणून कोकणातल्या खाड्या या हिशेबात मागे पडतात.

इंधन फुकट, पण पैसा सगळा आधी ओतायचा. बांध, दरवाजे, टर्बाइनं यांवर जवळजवळ सारा खर्च पहिलं युनिट विकण्याआधीच झालेला असतो, आणि बांधकाम जितकी वर्षं चालेल तितकं व्याज त्यावर चढत जातं. मग प्रश्न उरतो तो पुढच्या उत्पन्नाला आज किती किंमत द्यायची याचा. पन्नास वर्षांनी हाती येणारे १०० रुपये दहा टक्के दराने आजच्या मोलात आणले, तर ते ८५ पैसे भरतात. तीन टक्क्यांनी आणले, तर जवळपास २३ रुपये. शंभर वर्षं टिकणारा बांध पहिल्या दराने मोजला, की त्याच्या उत्तरार्धाला काही किंमतच उरत नाही. पंचवीस वर्षांच्या सौर पॅनेलला हा दर तितका जाचत नाही. वेल्समधल्या स्वान्झी उपसागराची योजना ३२० मेगावॅटची, १.३ अब्ज पौंडांची, १२० वर्षं चालेल अशी होती. माजी ऊर्जामंत्री चार्ल्स हेंड्री यांनी जानेवारी २०१७च्या अहवालात तिला पाठिंबा दिला. जून २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने ती नाकारली. पैशाच्या मानाने पदरात कमी पडतं, हे कारण.

रान्सला जमलं, कारण तिथे सरकारी वीज कंपनी होती आणि परताव्याची घाई नव्हती. अर्थात तिथलीही एक किंमत जमाखर्चात आली नाही. बांधकामासाठी तीन वर्षं खाडी समुद्रापासून तोडली गेली, आतली जीवसृष्टी जवळजवळ नाहीशी झाली, आणि ती पुन्हा सावरायला सुमारे दहा वर्षं लागली. खाडीवर पोट असणाऱ्या माणसांचं नुकसान प्रकल्पाच्या खर्चात धरलंच पाहिजे, असं मला वाटतं.

दक्षिण कोरियातल्या सिहवाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. १९९४ मध्ये तिथे १२.७ किलोमीटरची सागरी भिंत पुरी झाली, ती विजेसाठी नव्हे. जमीन आणि गोड्या पाण्याचं तळं मिळवण्यासाठी. तळ्यात कारखान्यांचं सांडपाणी साचलं, पाणी नासलं. समुद्र आत-बाहेर खेळवण्यावाचून इलाज राहिला नाही. त्याच वाटेवर टर्बाइनं बसवून २०११ मध्ये २५४ मेगावॅटचं, जगातलं सर्वांत मोठं भरती-वीजकेंद्र सुरू झालं. सर्वांत खर्चिक भाग, म्हणजे भिंत, आधीच उभी होती.

खंभातच्या आखातावर बांध घालून नद्यांचं गोडं पाणी अडवायच्या कल्पसर योजनेची चर्चा गुजरातेत अनेक वर्षं चालू आहे. तिचा आराखडा पक्का करण्याआधी सिहवाचं तळं का नासलं हे तपासायला हवं, आणि भिंतीचा खर्च पाण्याच्या खात्यावर किती, विजेच्या खात्यावर किती, हेही तेव्हाच ठरायला हवं.