दयेला एक वार द्या

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि लोकल ठप्प झाल्या. एस. व्ही. रोड आणि एल. बी. एस. मार्गावरून छातीभर पाण्यातून लोक घराकडे चालत होते. वाटेवरच्या चाळींतून, सोसायट्यांतून त्यांना चहा-बिस्किटं मिळाली. कितीतरी घरांनी अनोळखी माणसांना रात्रीपुरता आसरा दिला. तो मंगळवार होता.

संकटात आपली उपनगरं धावून जातात. कस लागतो तो बाकीच्या मंगळवारी. कुणाला बोरिवली फास्ट पकडायची असते, कुणाची स्कूलबस खाली हॉर्न देत असते. चांगलं वागायची इच्छा असते, पण ती ‘वेळ मिळाला तर’वर टांगलेली राहते. म्हणून दयेलाही घरात ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा हवी.

आपल्याकडची जुनी रीत

पूर्वी शिक्षणासाठी परगावी आलेली गरीब मुलं वार लावून जेवत. आज या घरी, उद्या त्या घरी. आपल्या वारी मुलगा आला की घरात कुणी काही विचारत नसे. त्याचं पान मांडलेलं असे. मात्र या रीतीला जातीची कुंपणं होती.

ती कुंपणं ओलांडली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहू-जेवू लागली. या मुलांसाठी मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. देण्याचा निर्णय एकदाच झालेला असे, पुढे हात सवयीने चाले.

ओट्यावरचा डबा

हीच रीत वन-बीएचकेतही चालते. तांदळाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा ठेवा. भात लावताना मुलाने त्यात एक मूठ टाकायची. लहान मूठ, दोन-चार दाणे ओट्यावर सांडणारच. ते त्यानेच वेचून डब्यात टाकायचे. महिन्याअखेरीस जवळच्या आश्रमात किंवा अडलेल्या कुटुंबाकडे मुलाला घेऊन जा. जाण्याआधी मात्र ‘तुम्हाला काय लागतं?’ हे विचारा. त्यांना कदाचित तांदळापेक्षा साबण हवा असेल.

लारा एकनिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाऊ मिळण्यापेक्षा देताना मुलं अधिक आनंदी दिसली आणि स्वतःच्या वाटणीचा देताना सर्वांत जास्त. म्हणून मुलांच्या नावाने आपण देण्यापेक्षा त्यांचं त्यांना देऊ द्या.

लोकलची चौथी सीट

तीन जणांच्या बाकावर चौथ्याला ‘जरा सरका’ म्हणताच जागा होते. ही मुंबईची रोजची दया आहे. मुलांना घेऊन प्रवास करताना ‘सरक रे’ असं सांगण्याची वाट पाहू नका, आधी आपण सरका. उभ्या असलेल्या ताईंची पिशवी आपल्या मांडीवर घ्या. मुलं ऐकतात कमी, बघतात जास्त.

कचऱ्यातली काच

ग्लास फुटला की काचा तशाच पिशवीत जातात आणि सकाळी कचरा वेचणाऱ्या मावशींचा हात कापतो. काचा जाड वर्तमानपत्रात गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि मुलाला वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहायला सांगा. ते पुडकं ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळं द्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण ज्या हाताला आपण कधी पाहिलं नाही त्याचा विचार करायला मूल त्यातून शिकतं.

तसंच नावाचं. वॉचमनकाकांचं नाव घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. चार मजले चढून आलेल्या पार्सलवाल्या दादाला पाणी विचारावं.

किती दिवस लागतात?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा रुजतात ते तपासलं. सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला त्यांच्या अंदाजाने २५४. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. रोजच्या ठरलेल्या कामाला जोडलेली सवय सहज टिकते. म्हणून एका वेळी एकच सवय घ्या. आधी डबा, तो दोनेक महिने चालला की मग पुढची. आणि चुकलं तर मुलाला ओरडू नका. दया शिकवताना आवाज चढला, तर मूल आवाजच लक्षात ठेवतं.

सुरुवात घरातूनच

वॉचमनकाकांना पाणी आणि घरात मात्र खेकसणं, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. आपल्या घरी गार पोळी कोण खातं, ते आज रात्री बघा. बहुतेक घरांत, जी लाटते तीच. मग मंगळवार ठरवून टाका. त्या रात्री आईने आधी पानावर बसायचं, बाबांनी तव्याशी उभं राहायचं आणि मुलांनी वाढायचं. पोळी वाकडी होईल, एखादी करपेलही. पण पहिली गरम पोळी तिच्या ताटात पडेल. ज्या मंगळवारी कुणाला आठवण करून द्यावी लागणार नाही, त्या दिवशी समजा, सवय लागली.