मलिकंबर : पौरुष आणि वारसा

मनुष्याचा मोठेपणा त्याच्या कुळावरून मोजावा कीं कर्तृत्वावरून, हा प्रश्न नवा नाहीं. महाभारतांतील कर्णाच्या कथेंत तो आपण बाळपणींच ऐकलेला असतो, आणि कर्णाविषयीं वाटणारी सहानुभूति हेंच आपल्या मनानें त्याला दिलेलें उत्तर असतें. परंतु काव्यांतील सूतपुत्रास आपण जो मान सहज देतों, तो आपल्याच मुलखांत वावरलेल्या एका ऐतिहासिक पुरुषास देतांना मात्र हात आंखडतों. हा पुरुष आफ्रिकेंत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दक्षिणेंत येऊन सेनापति झाला, आणि सुमारें पाव शतक त्यानें मोंगल बादशाहीस दक्षिण गिळूं दिली नाहीं. त्याचें नांव मलिकंबर.

श्रीखंडोबाचें आमचें अणदूर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. शेजारचा नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीचा, तर आमच्याच धाराशिव जिल्ह्यांतील परांडा अहमदनगरच्या निजामशाहीचा. दोन राज्यांची सीमा अशी आमच्या अंगणांतूनच गेलेली होती. नळदुर्गाचा पाणीमहाल पाहण्यास पावसाळ्यांत दूरदूरचे लोक येतात. परंतु इ. स. १६०० नंतर कांहीं वर्षें परांडा ही निजामशाहीची राजधानी होती, आणि ती एका हबशी सरदारानें तेथें उभी केली होती, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

मलिकंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत झाला. त्याचें मूळ नांव चापू. लहानपणींच तो गुलामांच्या बाजारांत आला आणि तांबड्या समुद्रावरील मोखा, पुढें बगदाद असा हातोहात विकला गेला. बगदादच्या मीर कासीम नांवाच्या धन्यानें त्याला विद्या शिकविली व 'अंबर' हें नांव दिलें. तेथून तो दक्षिणेंत आला, तो निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरीं. हा चंगीजखान स्वतःही हबशीच होता. दक्षिणेच्या सुलतानांना असे परदेशी दास सैन्यांत हवे असत. त्यांना येथें ना गोत ना वतन. म्हणून त्यांची निष्ठा धन्यापाशींच राहील, हा त्यांतील हिशेब. धनी मेला कीं पुष्कळदां ते मोकळे होत, आणि मग ज्याच्या मनगटांत बळ तो वर चढे.

चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. वीस वर्षें त्यानें चाकरींत घालविलीं. विजापुरास त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. १५९५ मध्यें तो अहमदनगरास परतला, तेव्हां त्याच्या हाताखालीं अवघे दीडशें स्वार होते आणि वय पंचेचाळिशीपुढें गेलें होतें. पांच वर्षांनीं, १६०० मध्यें, अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेनें जिंकला व निजामशाही संपली असें सर्वांस वाटलें. तें ज्याला वाटलें नाहीं तो अंबर. त्यानें राजघराण्यांतील एका पुरुषास मूर्तजा निजामशहा म्हणून परांड्यास गादीवर बसविलें, आपली कन्या त्याला दिली, आणि कारभार स्वतःच्या हातीं घेतला. १६०७ पर्यंत राजू दखनी हा प्रतिस्पर्धीही त्यानें दूर केला.

मोंगलांचें बळ तोफखाना, जड घोडदळ आणि अमाप पैसा यांत होतें. उघड्या मैदानांत त्यांच्यापुढें टिकाव लागणें कठीण, हें अंबरानें ओळखलें. त्यानें हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार जमविले. शत्रूची रसद तोडावी, त्याला डोंगरांत ओढावें, रात्रीं छापा घालावा आणि सकाळीं दिसेनासें व्हावें, ही त्याची रीत. मोंगल तिला 'बर्गीगिरी' म्हणत. १६१० च्या सुमारास बुऱ्हाणपुरास आलेला विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी अंबराचें सैन्य दहा हजार हबशी व चाळीस हजार दखनी असें सांगतो. अंबराचे पराभवही झाले. १६१६ मध्यें रोशनगांवच्या लढाईंत तो हरला आणि त्याची खडकी मोंगलांनीं उद्ध्वस्त केली. तरी तो पुन्हां उभा राहिला. जहांगिराची चीड इतकी कीं, भाल्यावर लावलेल्या अंबराच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहों, असें चित्र त्यानें अबुल हसन या चित्रकाराकडून काढविलें. तें आज डब्लिनच्या संग्रहालयांत आहे. प्रत्यक्षांत तें मस्तक बादशहाच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

१६२४ मध्यें मोंगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडीच्या तलावाचें पाणी फोडून अंबरानें शत्रूच्या छावणीची वाट चिखलाची केली, रात्रीच्या छाप्यांनीं त्याला हैराण केलें आणि मग दोन्ही फौजांचा धुव्वा उडविला. या युद्धांत तरुण शहाजीराजे अंबराच्या बाजूनें लढले व त्यांचे बंधु शरीफजी कामास आले. परमानंद कवींद्राच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत हें युद्ध वर्णिलें आहे. पुढें मराठ्यांनीं जी युद्धरीति नांवारूपास आणली, तिचे धडे त्यांच्या आदल्या पिढीनें या हबशी सेनापतीच्या हाताखालीं गिरविले होते.

फौज पोसावयाची तर रयत जगली पाहिजे, हेंही त्यानें जाणलें. सारावसुलीची इजारदारी त्यानें बंद केली. जमिनीची प्रत पाहून व पीक मोजून सारा ठरविला, आणि वसुलीची जबाबदारी गांवच्या पाटलावर ठेविली. 'मलिकंबरी' या नांवानें हा धारा लोकांच्या तोंडीं पुढें फार काळ राहिला. खडकी, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हें शहर त्यानें १६१० मध्यें वसविलें. तेथें भुयारी नहरीनें पाणी आणलें. त्याचा भडकल दरवाजा आजही उभा आहे.

हें सर्व सांगतांना एक काळा डाग झांकून ठेवणें योग्य नव्हे. १६१० मध्यें मूर्तजाशीं बेबनाव होतांच त्यानें आपल्याच शहाला, आपल्याच जामाताला, विष घालविलें. शहाच्या दुसऱ्या राणीनें अंबराच्या कन्येस दासीची जात म्हणून हिणविलें, हें त्याचें निमित्त झालें, असें डच व्यापारी व्हान डेन ब्रूक याच्या वृत्तांतावरून दिसतें. एवढा पराक्रम करूनही जन्माचा टोमणा चुकला नाहीं, आणि तो सोसण्याची क्षमाही त्याच्या अंगीं नव्हती.

मे १६२६ मध्यें, सुमारें अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, मलिकंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. युद्धांत व कारभारांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, अशी कबुली जहांगिराच्या दरबारच्या इतिहासकारानेंही दिली. अधिकार मात्र गेला त्याचा पुत्र फतेखान याच्याकडे. हा फतेखान कैदेंत पडला, सुटल्यावर त्यानें शहाचा घात केला, एका मुलाला गादीवर बसविलें, आणि १६३३ मध्यें दौलताबादचा किल्ला मोंगलांच्या हवालीं केला. शहाजीराजांनीं आणखी तीन वर्षें झुंज दिली. १६३६ मध्यें निजामशाही कायमची बुडाली.

येथें विचारी वाचकांनीं थांबावें असें आम्हांस वाटतें. ज्याला बापाचें नांव कधीं उपयोगीं पडलें नाहीं, त्या पुरुषाची गादी मुलाला केवळ बापाच्या नांवावर मिळाली, आणि सात वर्षांत सर्व धुळीस मिळालें. बापाचा राजघात मुलानें उचलला, बापाचा धीर मात्र उचलला नाहीं. अंबराचें युद्धतंत्र मराठ्यांनीं घेतलें, त्याची धाराव्यवस्था रयतेनें लक्षांत ठेविली. म्हणजे त्याचा खरा वारसा रक्ताच्या नात्यानें नव्हे, तर गुणग्रहणानें चालला. आपल्या घरांतून कुळाचा अभिमान मुलांस पुष्कळ शिकविला जातो. त्याच्या जोडीला या हबशी सेनापतीचें चरित्रही एकदां त्यांच्या कानांवर घालावें.