आपल्या कंडक्टरला पद्मश्री!

गणपतीची सुट्टी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोदक, आरत्या, ढोल-ताशे? आमच्या साताऱ्याच्या घरात येतात अशोक सराफ. तेही कंडक्टरच्या वेशात!

बरोबर ओळखलंत. ‘नवरा माझा नवसाचा’. सचिन पिळगावकरांचा, २००४ चा. नवस फेडायला मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेलं जोडपं, एसटीची गाडी आणि गाडीत एकापेक्षा एक नग. सांगलीची आत्या गौरीला माहेरी आली, पोरंसोरं जमली, जेवणं आटोपली की हा सिनेमा लागलाच पाहिजे. किती वेळा पाहिला, हे मोजणं आम्ही कधीच सोडून दिलंय. डायलॉग सगळ्यांना पाठ, तरी हसणं तेवढंच.

हसत नाहीत ते फक्त बाबा. कारण बाबा सिनेमा बघत नाहीत, ड्युटी बघतात. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी सातारा-सांगली गाडीवर. कराड, पेठ नाका, आष्टा... झोपेतही स्टॉप सांगतील. एकदा मी म्हटलं, ‘बाबा, कॉमेडी आहे, हसा की!’ तर म्हणाले, ‘हसवतोय म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय. हलत्या गाडीत पन्नास माणसं सांभाळायची, आणि कुणाला राग येऊ द्यायचा नाही. सोपंय व्हय?’

आता एक कन्फेशन. पुण्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा टीममध्ये कुणीतरी विचारलं, ‘वडील काय करतात?’ मी म्हटलं, ‘ट्रान्स्पोर्टमध्ये आहेत.’ टेक्निकली खोटं नव्हतं. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

खरं तर कॉमेडी करणाऱ्यांचंही आपण असंच करतो. वीकेंडला त्यांच्याशिवाय चालत नाही, अवॉर्डची वेळ आली की मात्र रडवणारा मोठा! फिल्मफेअरनं विनोदी भूमिकेसाठी वेगळी कॅटेगरी केली. १९६७ मध्ये पहिला मान मिळाला ‘प्यार किये जा’साठी मेहमूदला. (हाच मेहमूद १९७२ च्या ‘बॉम्बे टू गोवा’त बसचा कंडक्टर होता. बाबांचा तोही लाडका!) पण २००७ नंतर ती कॅटेगरीच बंद. तिकडे गोल्डन ग्लोबमध्ये कॉमेडी आणि म्युझिकलला निदान वेगळी बाहुली मिळते, ऑस्करमध्ये तीही सोय नाही.

या विषयावर आत्याची मात्र मान ताठ असते. का नसावी? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीतच. त्या आठवणीत ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो आणि सांगलीत विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं. मराठी नाटकवाल्यांना त्याचं अप्रूप फार. पहिलं पदक बालगंधर्वांना मिळालं होतं, आणि २०२३ मध्ये ते मिळालं प्रशांत दामलेंना. हजारो प्रयोगांत लोकांना पोट धरून हसवणाऱ्या माणसाला! ‘आमच्या सांगलीला कळतं,’ असं आत्या तेव्हापासून दर गौरीला ऐकवते.

अशोक सराफ यांनाही उशिरा का होईना, मिळालं. कधीकाळी बँकेत नोकरी करून नाटकं करणारा हा माणूस. २०२३ चा महाराष्ट्र भूषण त्यांना जाहीर झाला आणि २०२५ च्या जानेवारीत पद्मश्री. ती बातमी आली त्या संध्याकाळी बाबांचा फोन. एरवी ‘जेवलास का?’च्या पुढे न जाणारे बाबा चक्क ओरडत होते, ‘अरे, आपल्या कंडक्टरला पद्मश्री!’

आपल्या कंडक्टरला... मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या वर्षी गणपतीला ऑफिसची चार टाळकी साताऱ्याला घेऊन गेलो. दारातच सांगून टाकलं, ‘हे माझे बाबा. एसटीत कंडक्टर होते. सातारा-सांगली.’ बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बाकी काही नाही. टीममधला एक जण लगेच म्हणाला, ‘काका, सुट्ट्या पैशांवरून खरंच एवढी भांडणं व्हायची?’ झालं! पुढचा तासभर बाबांची गाडी कुठल्याच स्टॉपला थांबली नाही. आम्ही हसून हसून बेजार, आणि सिनेमा अजून लागायचाच होता.

तेव्हा मंडळी, येत्या सुट्टीत लॅपटॉपवर एकट्यानं काहीतरी बघण्यापेक्षा घरी जा. सगळ्यांचा पाठ झालेला एखादा सिनेमा लावा. आमच्याकडे तो कसा सुरू होतो, सांगू? दिवे बंद होतात, आत्या ‘शांत बसा रे’ म्हणते आणि बाबा स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं दोनदा वाजवतात. टण् टण्.

डबल बेल. चला!