वटवाघळाची भीती नेमकी कशाची धरावी?

तिन्हीसांजेला घरात पाकोळी शिरली की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचे तोंड अजूनही उतरते. कुणी म्हणते अपशकुन, कुणी म्हणते केसांत अडकली की सुटत नाही. दुसरीकडे सांधेदुखीवर वटवाघळाची चरबी चोळणारेही आहेत. म्हणजे जे घरात नको तेच अंगाला चालते! आम्हांला या दोन्ही समजुतींपेक्षा विज्ञानाने काय शोधले ते सांगायचे आहे.

वटवाघूळ पक्षी नव्हे. ते पिलाला अंगावर पाजते. ते आंधळेही नाही. अंधारात ते कसे उडते याचा शोध १७९३ पासून सुरू झाला. इटलीतील स्पालान्झानी नावाच्या पाद्र्याने डोळे निकामी केलेली वटवाघळे खोलीत सोडली, तर ती ताणलेले दोरे चुकवून उडाली. जिनिव्हाच्या ज्युरीनने त्यांचे कान बंद केले, तेव्हा मात्र ती धडकू लागली. लोकांनी या दोघांची थट्टाच केली. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत ग्रिफिन या विद्यार्थ्याने यंत्र लावून ऐकले, तेव्हा उलगडा झाला. वटवाघूळ माणसाला ऐकू न येणारे आवाज काढते आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. ते तुमचे डोके चुकवणारच, केसांत अडकायला त्याला कारण नाही.

आपल्या देशात वटवाघळांच्या सव्वाशे जाती आहेत. रक्त पिणाऱ्या तीनच जाती जगात असून त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात. आपल्या पाकोळ्या डास, पतंग, किडे खातात. चिंचेवर, वडावर लटकणारे मोठे वटवाघूळ पंख पसरले की चार फुटांचे होते आणि फळांवर जगते. भिंतीच्या फटीत कुणी न लावता पिंपळाचे रोप येते, ते पक्ष्यांनी आणि या वटवाघळांनी टाकलेल्या बियांतून. मादीला वर्षाला एकच पिलू होते, त्यामुळे एका झाडावरची वसाहत मारली तर ती लवकर भरून येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बहुतेक फळखाऊ वटवाघळांना कावळा-उंदरांच्या उपद्रवी यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

कान्हेरी, अजिंठ्याला सहकुटुंब गेलेल्यांना अंधाऱ्या विहारातला उग्र वास ठाऊक असेल. अजिंठ्याच्या चित्रांचे वटवाघळांच्या विष्ठेने नुकसान झाले आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आता खऱ्या भीतीकडे वळू. निपाह या विषाणूचे घर म्हणजे फळखाऊ वटवाघळे. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो डुकरांमार्फत माणसांत आला. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून येतो, कारण रात्री वटवाघळे मडक्याला तोंड लावतात. तिथे मडक्यावर बांबूच्या कामट्यांचे झाकण बांधायला शिकवले जाते. २०१८ मध्ये केरळात कोझिकोड भागात हा रोग आला, तेव्हा रोग्याची सेवा करणारे नातेवाईक आणि दवाखान्यातली माणसेच जास्त सापडली. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांतही याच्या खुणा पुण्याच्या विषाणू संस्थेला आढळल्या. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या रोगावर मान्यता मिळालेली लस अजून नाही.

तेव्हा माता-भगिनींनो, झाडाखाली पडलेले, चोच किंवा दात लागलेले फळ मुलांना देऊ नका. चांगले फळही धुऊन, सोलून द्या. उघड्या मडक्यातली कच्ची ताडी-नीरा टाळा. घरात पाकोळी शिरली तर दिवा मालवा, खिडकी उघडा, ती आपली आपण जाईल. खाली पडलेल्या पिलाला मुलांनी हात लावू नये, आणि ते तेलही नको. चावलेच तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन, कुत्रा चावल्यावर घेतात त्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.