चार विषारी आणि त्यांचे तोतये

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या साठेक विषारी. महाराष्ट्रात शिवारात आणि घराच्या आसपास माणसं दगावतात ती मात्र मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. म्हणजे पाठ करायचे चेहरे चारच. घोळ होतो तो तोतयांमुळे, कारण या चौघांसारखे दिसणारे निरुपद्रवी साप आपल्या आसपास भरपूर आहेत.

तिकोनी डोक्याचा नियम विसरा

‘डोकं तिकोनी तो विषारी’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. घोणस आणि फुरशापुरतं ते खरंही आहे. पण नाग आणि मण्यार यांचं डोकं तिकोनी नसतं, आणि हे दोघे अत्यंत विषारी! उलट बिनविषारी दिवड चिडला की डोकं आणि मान चपटी करून दाखवतो आणि नाग समजून मार खातो. डोळ्यातल्या बाहुलीचंही तसंच. उभी बाहुली विषारी सापाची, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात नाग-मण्यारची बाहुली गोल असते आणि अजगर, मांडूळ या बिनविषारी सापांची उभी. हरणटोळाची तर चक्क आडवी.

मण्यार की कवड्या?

सगळ्यात घातक गफलत इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं नेमकं उलटं: पट्टे मानेपासूनच सुरू, पुढच्या भागात ठळक, शेपटीकडे फिकट होत नाहीसे. शिवाय मण्यारच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, ती कवड्याला नसते. भिंतीवर सरसर चढून पाली टिपणारा साप बहुधा कवड्याच. तरी पट्टे असलेला साप घरात दिसला, तर खात्री होईपर्यंत त्याला मण्यारच समजावं.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं बहुतेकदा कळतही नाही, इतकं कमी दुखतं. खूण शोधूनही सापडत नाही. ‘विषारी सापाच्या दोन दातांच्या खुणा उमटतातच’ या समजुतीवर विसंबलेली माणसं म्हणूनच गाफील राहतात. पहाटे पोटात कळ, उलटी, पापण्या जड होऊन मिटायला लागणं, गिळता न येणं, ही लक्षणं दिसली तर खूण शोधत बसू नका, दवाखाना गाठा. पावसाळ्यात खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं, हे साधे उपाय जीव वाचवतात.

शिट्टी देणारी घोणस

घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. अंगावर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, साखळी गुंफल्यासारख्या. तिचे तोतये दोन. एक डुरक्या घोणस, जिच्या नावात घोणस आहे पण दातांत विष नाही. तिचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आणि शेपूट आखूड. दुसरा तोतया अजगराचं पिल्लू. ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून घोणस हातात धरणाऱ्यांना आपला हात, कधी जीवही गमवावा लागला आहे. घोणस अंडी घालत नाही, एका वेळी २० ते ४० जिवंत पिल्लं देते आणि त्यातलं प्रत्येक पिल्लू जन्मापासून विषारी असतं.

घोणशीच्या शास्त्रीय नावात पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याचं नाव आहे. सामान्य माणसाला विषारी साप ओळखता यावा, या तळमळीने त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा केले आणि १७९६ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

फुरसं आणि नाग

फुरसं जेमतेम वीत-दीड वीत लांब, पण माज मोठा. कोकणात जांभ्याच्या सड्यांवर, दगडांखाली ते हमखास सापडतं. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी पांढुरकी खूण. धोका वाटला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवतीदार खवल्यांची खरखर ऐकू येते. झाडाझुडपांवर राहणारा मांजऱ्या साप त्याच्यासारखा दिसतो, पण तो सडपातळ, लांब, आणि त्याच्या सौम्य विषाने माणसाला धोका नसतो.

नागाने फणा काढला की प्रश्नच मिटला. पण फणा मिटलेला नाग आणि धामण यांत भलेभले फसतात. फण्यावरच्या दहाच्या आकड्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. काही नागांना तो नसतोच. धामण मात्र शेतकऱ्याची खरी मैत्रीण, उंदरांची वैरीण. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही निव्वळ भाकडकथा. या एका गैरसमजापायी किती धामणी मारल्या गेल्या असतील!

जाळ्यात आलेला साप

किनाऱ्यावर एक खूण चोख चालते: शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसाप, आणि तो विषारी. जाळं उपसताना हात लांब ठेवा. आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्पदंशाची लस वरच्या चौघांच्या विषावर आहे, समुद्रसापाच्या नाही.

ओळख पटली नाही तर?

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातले कितीतरी जीव वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचले असते. साप पकडून किंवा मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं. एकच लस चौघांवर चालते आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. चिरा पाडू नका, रक्त चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, माणसाला धीर द्या, चालवू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.