भाव म्हणजे भाकीत नव्हे

आयपीएलचा पहिला चेंडू पडायला अजून पंधरा-वीस दिवस असतात, आणि यंदा करंडक कोण नेणार याचे भाव मात्र आधीच फुटलेले असतात. आमच्या अंबडला चहाच्या टपरीवर, मोसंबीची गाडी भरताना, कुठेही ते कानावर पडतात. ‘अमकी टीम एकाला चार, तमकी एकाला नऊ.’ सांगणाऱ्याचा सूर असा, की जणू कुणा जाणत्याने पंचांग पाहून भविष्य वर्तवले आहे. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे या आकड्यांकडे मला आकडे म्हणूनच पाहावे लागते. तसे पाहिले की लक्षात येते, हे भाकीत नाही. हा मालाचा भाव आहे, आणि माल विकणाऱ्याने आपला नफा त्यात आधीच धरलेला आहे.

भाकीत आपल्याकडे नवे नाही. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याचा, पिकांचा अंदाज सांगितला जातो. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाऊस पडो वा न पडो, सांगणारा तुमच्याशी पैज लावून बसलेला नसतो. भाव सांगणारा बुकी मात्र व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला स्वतः उभा असतो. तुमचा तोटा हीच त्याची कमाई.

आता हा भाव वाचायचा कसा ते पाहू. ‘एकाला चार’ म्हणजे एक रुपया लावला आणि संघ जिंकला, तर चार रुपये नफा आणि आपला एक रुपया परत, असे पाच हाती येतात. पाचात एक, म्हणजे शेकडा वीस. बुकी जणू म्हणतो आहे की या संघाची जिंकण्याची शक्यता शंभरात वीस आहे. ‘एकाला नऊ’ म्हणजे दहात एक, शेकडा दहा. ‘एकाला एकोणीस’ म्हणजे शेकडा पाच. दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे, त्याहून अधिक गणित इथे लागत नाही.

आयपीएलमध्ये २०२२ पासून दहा संघ आहेत. आपण समजुतीसाठी दहा भाव घेऊ. हे माझे, उदाहरणापुरते. एका संघाचा भाव एकाला तीन, दोन संघांचा एकाला चार, तीन संघांचा एकाला नऊ आणि उरलेल्या चार संघांचा एकाला एकोणीस. आता शक्यतांची बेरीज करा. पहिल्याचे पंचवीस, पुढच्या दोघांचे चाळीस, तिघांचे तीस, चौघांचे वीस. एकूण भरले एकशे पंधरा.

पण करंडक एकच आहे. दहा संघांच्या शक्यता मिळून शंभरच व्हायला हव्यात. मग हे वरचे पंधरा आले कुठून? तेच बुकीचे. अजून सोपे करून सांगतो. समजा एखाद्याने ठरवले, की कोणीही जिंको, आपल्या हाती शंभर रुपये आलेच पाहिजेत. त्याला पहिल्या संघावर २५ रुपये, पुढच्या दोघांवर २०-२० रुपये, तिघांवर १०-१० आणि चौघांवर ५-५ रुपये लावावे लागतील. एकूण ११५ रुपये गेले. करंडक कोणीही उचलला तरी परत येणार १००. बाजार समितीत माल घातला की हमाली, तोलाई पट्टीवर लिहून मिळते. किती कापले ते दिसते तरी. इथली कपात भावाच्या पोटात असते. तिची पावती नसते, म्हणून ती कुणाला टोचत नाही.

दुसरी गोष्ट, भाव हलतो कशाने? लोक म्हणतात, ‘भाव उतरला, म्हणजे आतली बातमी असणार.’ बहुतेक वेळा तसे काही नसते. मोसंबीची आवक वाढली की भाव पडतो, मागणी वाढली की चढतो, तसेच हे. एखाद्या संघावर खूप पैसा आला, तर तो जिंकल्यावर आपल्याला फार द्यावे लागेल म्हणून बुकी त्याचा भाव कमी करतो आणि दुसऱ्या संघाचा भाव मोठा करून पैसा तिकडे वळवतो. त्यामुळे ज्या संघाचे चाहते जास्त, ज्यात नावाजलेले खेळाडू जास्त, तो संघ मुळातच ‘महाग’ होतो. भावात संघाची ताकद दिसते, पण तिच्यात लोकांचे प्रेमही मिसळलेले असते, आणि प्रेमाला धावा मिळत नाहीत.

स्पर्धा सुरू होण्यापूर्वीचा भाव तर अधिकच कच्चा. दोन महिन्यांत काय होईल याचा नेम नसतो. २०२२ च्या डिसेंबरअखेर ऋषभ पंतच्या गाडीला अपघात झाला आणि २०२३ चा पूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही. त्याच हंगामाला पाठीच्या दुखापतीमुळे जसप्रीत बुमराहही मुकला. अशी बातमी यायच्या आधी लावलेला पैसा परत मिळत नाही, आणि निकाल लागेपर्यंत तो अडकूनही पडतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे १९८३. त्या विश्वचषकापूर्वी इंग्लंडमधल्या बुकींनी भारताला एकाला सहासष्ट असा भाव दिला होता. २५ जून रोजी लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा करून वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळले. तिकडे फुटबॉलमध्ये लीस्टर सिटी या संघाचा भाव २०१५-१६ च्या हंगामाआधी एकाला पाच हजार होता, आणि तो संघ इंग्लंडचा विजेता झाला. या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या आपल्याला आठवतात, कारण त्या क्वचित घडतात. त्याच वर्षी इतर संघांवर ज्यांनी पैसे लावले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. हरलेला माणूस टपरीवर बोलत नाही.

बंगळुरूच्या संघाचे उदाहरण घ्या. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली आणि या संघाने पहिले विजेतेपद मिळवले २०२५ मध्ये, अठराव्या हंगामात. समजा एखाद्या निष्ठावंताने दरवर्षी शंभर रुपये एकाला सात या भावाने लावले असते. अठरा वर्षांत गेले १८०० रुपये. अखेर जिंकल्यावर हाती आले ८००. संघ जिंकला, निष्ठा फळली, आणि हजार रुपये गेले ते गेलेच.

मराठवाड्याला हे गणित वेगळ्या नावाने ठाऊक आहे. साठीच्या दशकात मुंबईत मटका फोफावला, त्याचे मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर लागणाऱ्या पैशांत. कापूस पिकवणारे आपण, आणि कापसाच्याच आकड्यांवर पैसे लागत होते! मटक्यात आकडे दहा, आणि एका आकड्याला साधारण नऊ पट पैसे. दहा आकड्यांवर एकेक रुपया लावा, दहा जातील, नऊ येतील. चिठ्ठी जाऊन मोबाइल आला, एवढाच फरक.

कायद्याचेही पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे. म्हणजे जिंकूनही बुकीने पैसे दिले नाहीत, तर कोर्टात दाद मागता येत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे. परवाना असलेल्या घोड्यांच्या शर्यतींची गोष्ट निराळी; त्यात कौशल्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे. क्रिकेटवरचा सट्टा नियमांत बसवून अधिकृत करावा, असे लोढा समितीने २०१६ मध्ये सुचवले होते. संसदेने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये उलट दिशेने जाऊन पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

पण मला कायद्यापेक्षा दिनदर्शिकेची काळजी वाटते. आयपीएल असते साधारण मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत. याच दिवसांत आमच्याकडे घरात कापसाचे, उसाचे पैसे असतात, आणि ते जूनमधल्या पेरणीच्या बी-बियाण्यासाठी, खतासाठी राखून ठेवलेले असतात. मृग तोंडावर आलेला आणि मुलाच्या मोबाइलला बापाचे बँक खाते जोडलेले. जी रक्कम जाते ती चैनीची नसते, बियाण्याच्या पिशवीची असते. ती भरून काढायला पुन्हा सावकार, आणि सावकाराचे देणे फेडायला पुन्हा ‘एकाला नऊ’.

म्हणून घरातल्या मोठ्यांना सांगणे आहे, की नुसते रागावू नका. मुलाला जवळ बसवा, कागद घ्या आणि ती एकशे पंधराची बेरीज त्याच्याच हातून करून घ्या. आधीच कर्ज झाले असेल, मन खचले असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करता येते. लपवण्याने रक्कम वाढते.

शेतीलाही लोक जुगार म्हणतात. पाऊस दगा देतो, भाव पडतो, हे खरे. पण बी पेरताना समोर कोणी आपल्या एकशे पंधराचे शंभर करून ठेवलेले नसतात. चांगल्या सालात एका दाण्याचे कणीस होते. सट्ट्याच्या भावात ती सोयच नाही. तिथे चांगले साल फक्त बुकीचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)